सुलभाला काय कमी होते?

"घरी काय कमी होते तिला?" 'उंबरठा' संपला तेव्हा मी सहज बोलून गेलो. दिवाळीच्या सुटीत आई आणि मी घरी तो चित्रपट पाहत होतो. आई काहीच बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. पुढे मानसशास्त्राच्या तासाला सरांनी मॅस्लोचा गरजांचा सिद्धान्त शिकवला, तेव्हा कळले की माझा तो प्रश्न म्हणजे सुलभाविरुद्ध दिलेला निकालच होता.

अब्राहम मॅस्लो (१९०८-१९७०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा सिद्धान्त १९४३ साली मांडला. माणसाच्या गरजांच्या त्याने पाच पायऱ्या मानल्या. अन्न, पाणी, झोप या शारीरिक गरजा पहिल्या. त्यांच्यावर सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, त्यानंतर मानसन्मान, आणि सर्वांत वर आत्माविष्कार, म्हणजे आपल्या अंगी जे होण्याची शक्ती आहे ते होणे. खालची गरज बऱ्यापैकी भागली की वरची जागी होते.

जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' १९८२ चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. स्मिता पाटीलने रंगवलेली सुलभा महाजन ही वकिलाची पत्नी. पतीची भूमिका केली आहे गिरीश कर्नाड यांनी. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना त्यांची ओळख करून द्यायला नको! घर, पती, मुलगी, प्रतिष्ठा असे सारे सुलभाजवळ आहे. परंतु ती प्रतिष्ठा घराण्याची आहे. समाजकार्य शिकलेल्या सुलभाची स्वतःची नव्हे. म्हणून ती संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका होते. तिथून परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते. म्हणजे प्रेमाची पायरीही ढासळली. तरीही केवळ सुरक्षिततेसाठी ती त्या घरात राहत नाही. ती पुन्हा बाहेर पडते.

मग आत्मसन्मान ही काय पोट भरलेल्यांचीच चैन? इथे मला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' (१९५३) आठवतो. बलराज साहनींचा शंभू हा गरीब शेतकरी. जमीन वाचवण्यासाठी २३५ रुपये जमवायला तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. मॅस्लोच्या हिशेबाने तो पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडकलेला. पण शेवटी जमीन गेल्यावर तो तिच्यातली मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी तीही टाकायला लावतो. त्या मातीने पोट भरणार नव्हते. तिच्यात शंभूचे आपलेपण होते, मान होता.

तर मग सिद्धान्त चुकला का? तसे नाही. पायऱ्यांचा क्रम ताठर नाही, हे खुद्द मॅस्लोनेच सांगितले आहे. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते, असेही तो मानत नव्हता. सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, सन्मानाची ४० आणि आत्माविष्काराची अवघी १० टक्के भागलेली असते, असे आकडे त्याने केवळ उदाहरणादाखल दिले. ध्येयापायी सर्वस्व सोडणारी माणसेही त्याने अपवाद म्हणून नोंदवली आहेत.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, या शिडीने पात्रांची उंची मोजू नये. फक्त विचारावे : या माणसाची कोणती गरज भुकेली आहे? ती भागवण्यासाठी तो काय पणाला लावतो? आणि त्याला ती भागवू कोण देत नाही? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पात्राबाहेर, समाजात सापडते.

गेल्या सुटीत मी आईला विचारले, "आई, तुला काय व्हायचे होते गं?"

"शिक्षिका. बी. एड.चा अर्जसुद्धा आणला होता," ती म्हणाली. "मग तुझा जन्म झाला."

तो अर्ज अजून कपाटात आहे. 'उंबरठा' संपल्यावर ती गप्प का राहिली, हे मला तेव्हा उमगले.