मृत्पात्रे, निसर्गाकारी

फळे, पाने, शंख-शिंपले, पशुपक्षी यांच्या आकारांवरून सुचलेली, हाताने घडविलेली व नित्य वापरात येणारी मातीची भांडी. केवळ शोभेच्या वस्तूंचा यांत समावेश होत नाही. माठाला भोपळ्याचा वाटोळेपणा दिला जातो, तो केवळ देखणेपणासाठी नव्हे. कोपरे नसलेल्या भांड्यात वाळताना व भाजताना निर्माण होणारा ताण सर्वत्र विभागला जातो आणि तडा जाण्याचा संभव कमी होतो. शिवाय गोल बुडाचे भांडे तीन दगडांच्या चुलीवर नीट बसते. निसर्गाचे अनुकरण येथे मुख्यतः उपयोगातून आलेले आहे, हे सजावटीच्या चर्चेत बहुधा विसरले जाते.

महाराष्ट्रात ही परंपरा ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे नेता येते. प्रवरेच्या काठावरील जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले. तेथील तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, तोटीची व गोल घाटाची भांडी चांगली भाजलेली असून वाजविली असता धातूसारखा आवाज देतात (इ. स. पू. सु. १४००–७००). इनामगाव (जि. पुणे) येथील चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण मानवी धडाच्या घाटाचा असून त्यात प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत आढळला. जालना जिल्ह्यातील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. काळी-तांबडी मृत्पात्रे या काळात दख्खनमध्ये सर्वत्र होती. भांडे पालथे घालून भाजल्याने आतल्या बाजूस हवा मिळत नाही व ती काळी होते, तर बाहेरील बाजू लोहाच्या ऑक्सिडीकरणामुळे तांबडी होते.

जालना शहरातील मस्तगडापासून भोकरदनच्या केळना नदीपर्यंतचा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यापासून झालेली काळी माती कुंभाराला सहजासहजी साथ देत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि वाळताना फार आकसते. केवळ अशा मातीचे भांडे सावलीतही भेगाळते. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ घेऊन त्यात राख, बारीक वाळू व घोड्याची लीद मिसळतात. लिदीतील तंतू माती धरून ठेवतात व भाजताना जळून सूक्ष्म छिद्रे मागे सोडतात. याच छिद्रांतून पाणी पाझरून त्याचे बाष्पीभवन होते व माठातील पाणी गार राहते. काळ्या मातीतील चुनखडीचे खडे मात्र वेचून काढावेच लागतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि भाजून तयार झालेल्या भांड्याचे टवके उडवितो.

चाकावरून उतरविलेले भांडे थोडे सुकल्यावर आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापीने ठोकतात; त्यामुळे ते फुगते व त्याची भिंत पातळ पण घट्ट होते. चाकाविना चिमटीने दाबून, मातीच्या वळ्या एकावर एक रचून किंवा मातीची पोळी लाटूनही भांडी करता येतात. ठळक शिरांचे पान अशा पोळीवर दाबून ठेवले, की त्याचा ठसा उमटतो. ताटल्यांना ही रीत शोभते, पण खोल ठशांत अन्नकण अडकतात, म्हणून आतला पृष्ठभाग शक्यतो गुळगुळीत ठेवावा. लाकूड व गोवऱ्यांच्या उघड्या भट्टीत तापमान साधारणतः ६००° ते ९००° से. असते, तर पाणी न झिरपणाऱ्या दगडी भांड्यांसाठी ते सु. १,२००° ते १,३००° से. लागते.

संक्रांतीची सुगडे, नवरात्रातील घट व पोळ्याचे मातीचे बैल यांना मागणी असली, तरी रोजच्या घागरींची जागा धातूने व प्लॅस्टिकने घेतली आहे. नव्या कारागिरांच्या झिलईदार भांड्यांबाबत एक दक्षता आवश्यक आहे. शिसेयुक्त झिलई कमी तापमानावर वितळते व चकाकते. परंतु चिंचेचे सार, ताक, लोणचे अशा आंबट पदार्थांत त्यातील शिसे उतरू शकते व ते विषारी असते. खाद्यपदार्थांच्या भांड्यांना शिसेविरहित झिलईच द्यावी, आणि तीही योग्य तापमानावर पूर्ण वितळलेली असावी.