अंकुराचा लघुपट : आधी गणित, मग कॅमेरा

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेऊन मुंबईला आले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे, आणि हलती चित्रे इथे काढता येतात यावर भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसायला हवा. त्यासाठी त्यांनी काय केले? एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का ठेवला आणि थांबून थांबून एकेक चित्र घेत वाटाण्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ही छोटीशी फीत ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाते. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी त्याच माणसाने कुंडीसमोर बसून वनस्पतिशास्त्राचा एक प्रयोग केला होता, हे विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

या फितीविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. फाळक्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले, आणि फीत मिनिटभराची झाली. ही दोन विधाने फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि वर्गाला गणित करायला सांगा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावर जात. महिन्याची ३० चित्रे म्हणजे पुरते दोन सेकंदही नाहीत! मिनिटभराची फीत हवी तर ९६० चौकटी लागतील, म्हणजे रोज ३२, म्हणजे दर पाऊण तासाला एक. तेव्हा दोनपैकी एक विधान तरी सांगता सांगता सैल झालेले असणार. फाळक्यांच्या कामाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र हेच गणित लघुपटाच्या आखणीचा पाया आहे, आणि ते कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी करायचे असते.

आता कॅमेरा प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये असतो. विज्ञान प्रदर्शनांतून विद्यार्थ्यांचे लघुपट वाढले आहेत ते त्यामुळेच. परीक्षक म्हणून ते पाहताना एक गोष्ट खटकते. ‘पाणी वाचवा’, ‘प्रदूषण टाळा’ अशी घोषणा, मागे सिनेमातले संगीत, शेवटी नावांची मोठी यादी. प्रश्नच नसतो. प्रश्न नसला की काय टिपायचे, किती वेळाने टिपायचे, कुठे थांबायचे यांपैकी काहीच ठरवता येत नाही. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे धावत्या घोड्याची चित्रे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी घेतली, तेव्हा त्याच्यापुढे नेमका प्रश्न होता : धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात का? असतात, आणि तेसुद्धा चित्रकार दाखवत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. प्रश्न एका वाक्याचा होता, म्हणून कॅमेरे किती हवेत आणि ते किती अंतरावर हवेत हे ठरवता आले.

फाळक्यांच्याच वाटेने जाऊन एक लघुपट आखून पाहू. वेल घेवड्याचे बी घेऊ. वाढायला सोपे, पाने मोठी, आणि आधाराभोवती चढणारे. पेरल्यापासून दहा दिवसांची वाढ वीसेक सेकंदांत दाखवायची आहे. आज सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर ५०० चौकटी लागतील. दहा दिवसांचे तास २४०. दर अर्ध्या तासाला एक छायाचित्र घेतले तर ४८० चौकटी, म्हणजे १९.२ सेकंद. प्रत्यक्षातला काळ ४५,००० पटींनी आवळला गेला. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. तो पुढे जाहिरातीत लागणार आहे.

इथवर सोपे आहे. खरी गंमत पुढे आहे. घेवड्याचा वाढता शेंडा सरळ वर जात नाही. तो हवेत वर्तुळे काढत आधार शोधतो. चार्ल्स डार्विनने वेलींच्या या हालचाली तासन्‌तास बसून मोजल्या होत्या. हॉप नावाच्या वेलीचा शेंडा उबदार हवेत सुमारे दोन तास आठ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो असे त्याला आढळले. घेवड्याची फेरीही साधारण तेवढ्याच वेळाची, दोनेक तासांची. आता आपण दर अर्ध्या तासाला चित्र घेतले तर एका फेरीची चारच चित्रे मिळतील. पडद्यावर शेंडा फिरताना दिसणार नाही, चार दिशांना झटके देताना दिसेल. मुले म्हणतील, “सर, वारा आला होता का?”

आणि दर दोन तासांनी चित्र घेतले तर? प्रत्येक वेळी शेंडा त्याच जागी सापडेल. पडद्यावर तो स्थिर दिसेल. दर एक तास पन्नास मिनिटांनी घेतले तर त्याहून विचित्र प्रकार होईल. तेवढ्या वेळात शेंडा पूर्ण फेरीला ३० अंश कमी इतका फिरतो. पाहणाऱ्याला मात्र तो ३० अंश मागे गेल्यासारखा वाटतो. चित्रपटात धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच. म्हणजे कोणी काही खोटे केले नाही, प्रत्येक छायाचित्र खरे आहे, आणि तरीही लघुपट सांगतो की वेल उलट्या दिशेने फिरतो! हे मी शाळेच्या लघुपटातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण समजतो. फेरी दाखवायची असेल तर दर पाच मिनिटांनी चित्र घ्यावे, म्हणजे एका फेरीला २४ चौकटी मिळतील, आणि दहा दिवसांऐवजी एकाच दिवसाचे चित्रण करावे. २४ तासांत २८८ चौकटी, साडेअकरा सेकंद, बारा फेऱ्या. अंकुर फुटणे आणि शेंडा फिरणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींसाठी एकच वेळापत्रक चालत नाही. गटाने यांतला एक निवडावा.

चित्रणाच्या वेळी अडचणी बहुतेक प्रकाशाच्याच येतात. खिडकीजवळ कुंडी ठेवली तर ढग येतील-जातील तसा पडदा लुकलुकतो, शिवाय रोप खिडकीकडे वाकते आणि वर्तुळे बिघडतात. कुंडी आतल्या खोलीत ठेवून वरून एकाच दिव्याचा प्रकाश द्यावा. रात्रीची चित्रे घ्यायची तर रोपाला अंधार हवा आणि कॅमेऱ्याला उजेड. वनस्पतींचे वाकणे मुख्यतः निळ्या प्रकाशामुळे होते, म्हणून चित्रापुरता मंद हिरवा दिवा लावण्याची पद्धत आहे. त्याचा परिणाम अगदी शून्य नसतो, पण बराच कमी असतो. मोबाइलचा प्रकाश व फोकस आपोआप बदलू देऊ नये. ते एकदा जुळवून कायम करावे. मोबाइल प्रयोगशाळेतल्या स्टँडला क्लॅम्पने घट्ट बांधावा आणि चार्जर लावूनच ठेवावा. ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेण्याची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते किंवा घालता येते. कुंडीमागे आलेखाचा कागद आणि बाजूला घड्याळ चौकटीत दिसेल असे ठेवले की उंची आणि वेळ दोन्ही चित्रातच नोंदली जातात. हे दोन स्वस्त पुरावे बहुतेक गट विसरतात. आणि एक जास्तीची कुंडी शेजारी, कॅमेऱ्याबाहेर, नेहमीच्या उजेडात वाढू द्यावी. दिव्याखालचे रोप लांबट-फिकट झाले तर ते तिच्याशी ताडून कळते.

वाढीचे दृश्य वीस सेकंदांचे, पण लघुपट तीन मिनिटांचा. बाकीचा वेळ कशाने भरायचा? कागदावर चौकोन आखावेत, प्रत्येकात काय दिसेल त्याचे ओबडधोबड चित्र, खाली काय ऐकू येईल ते, आणि कोपऱ्यात सेकंद. प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी, मांडणी, एक साधा अंदाज, मग वाढ, आणि तीच वाढ पुन्हा एकदा सावकाश, शेंड्यावर बाण दाखवून. दुसऱ्यांदा दाखवल्याशिवाय प्रेक्षकांना काही दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. सेकंदांची बेरीज १८० च्या वर गेली तर काय गाळायचे ते कागदावरच ठरवावे. अंकुर फुटताना ‘टक्’ असा आवाज घालण्याचा मोह मुलांना हमखास होतो. कानाला तसा काही आवाज येत नसतो. निवेदन पुरे आहे.

आवाजाचा हा मोह क्षुल्लक वाटेल, पण त्याची मोठी भावंडे आहेत. डिस्ने कंपनीच्या १९५८ च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थव्याथव्याने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दाखवले आहेत. त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. १९८२ साली कॅनडाच्या दूरदर्शनवरील एका शोधकार्यक्रमाने उघड केले की हे दृश्य अल्बर्टा प्रांतात चित्रित झाले होते, आणि तिथे ते लेमिंग मुळात आढळतच नाहीत. ते बाहेरून विकत आणले होते, फिरत्या तबकडीवर पळवून त्यांची गर्दी भासवली होती आणि शेवटी त्यांना पाण्यात लोटले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत आधीपासून होती. या चित्रपटाने ती घट्ट केली, आणि आजही ती ऐकू येते. आपल्या गटाचे रोप आठव्या दिवशी मेले आणि दुसऱ्या कुंडीतले रोप तिथे ठेवून चित्रण पुरे केले, तर तसे पडद्यावर लिहावे. लिहिले की चालते.

आता जाहिरात. इथेही फाळके उपयोगी पडतात. दोन आण्यांत पाच-सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाने तीन आणे देऊन छोटासा चित्रपट का पाहावा, अशी अडचण ‘राजा हरिश्चंद्र’ला आली. त्यावर फाळक्यांनी म्हणे जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत! जाहिरात म्हणून बेफाम. पण शास्त्राच्या शिक्षकाने इथेही खडू उचलावा. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी बसतात. ५७,००० चौकटींची लांबी सुमारे ३,५६० फूट. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे, म्हणजे छायाचित्रांचा आकडा चांगलाच जुळतो. मात्र मैल ५,२८० फुटांचा. फीत पाऊण मैलसुद्धा भरत नाही, मग दोन मैल कुठले? एकाच जाहिरातीत एक आकडा तपासाला टिकतो आणि दुसरा टिकत नाही.

आपल्या पोस्टरवरचे आकडे पहिल्या जातीचे असावेत. ‘दहा दिवस, वीस सेकंद’ हे शब्द पुरेसे ओढ लावणारे आहेत आणि खरेही आहेत. शीर्षक म्हणून प्रश्नच द्यावा, ‘घेवडा आधार कसा शोधतो?’ असा. चित्र लघुपटातल्याच एका चौकटीचे घ्यावे. दुसरीकडून मिळवलेले सुंदर, टवटवीत रोप लावले की प्रेक्षक ते रोप पाहायला येतो आणि त्याला ते दिसत नाही. झलक तयार करायची तर पंधरा सेकंदांची, शेंडा काठीच्या जवळ येतो तिथे थांबणारी, कोपऱ्यात ‘वेग ४५,००० पट’ किंवा जो असेल तो आकडा. चित्रपटातले गाणे लावू नये. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. वर्गातल्या कोणी पेटी किंवा तबला वाजवत असेल तर उत्तम.

अक्षरे किती मोठी हवीत? डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यात सहा मीटरवरून वाचायचे अक्षर डोळ्याशी ५ कला कोन करते, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर उंचीचे असते. ही निरोगी डोळ्याची जेमतेम मर्यादा झाली, तीही एकेका सुट्या ठसठशीत अक्षराची. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार. शिवाय व्हरांड्यातून चालता चालता वाचायचे. म्हणून तिप्पट-चौपट धरावे : सहा मीटरवरून वाचायच्या शीर्षकाची अक्षरे तीन सेंटिमीटरच्या खाली नसावीत. वेळ, जागा आणि गटातल्या मुलांची नावे याहून लहान चालतील, कारण ती वाचणारा जवळ येतोच.

लघुपट दाखवाल त्या खोलीच्या दाराशी दोन्ही कुंड्या, नोंदवही आणि एक फूटपट्टी ठेवावी. तोवर वेल काठीवर चढलेला असेल. तो डावीकडून गेला आहे की उजवीकडून, हे प्रेक्षकांना आधी कुंडीवर पाहू द्या आणि मग पडद्यावर.