कामगाराची नुकसानभरपाई : उपकार नव्हे, हक्क

आलापल्लीच्या जंगलांत साग तोडतांना झाड भलत्याच दिशेस कोसळतें, किंवा घुग्घूसच्या कोळशाच्या खाणींत एखाद्याचा हात यंत्रांत सांपडतो. अशा वेळीं घरच्या मंडळींस दवाखाना आठवतो. कायदा आठवत नाहीं. चार दिवसांनीं मुकादमानें थोडे पैसे देऊन कागदावर अंगठा घेतला, कीं प्रकरण मिटलें असें सारे समजतात. वास्तविक तें मिटलेलें नसतें.

वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. त्या काळीं भरपाईचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९२३ मध्यें झाला व १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. तत्त्व मात्र तेंच राहिलें. काम करीत असतां व कामामुळें अपघात झाला, तर भरपाई देणें मालकावर बंधनकारक आहे. मालकाची चूक शाबीत करावी लागत नाहीं. झाडें तोडणें व जंगलांतील वणवा विझविणें हीं कामेंहि कायद्याच्या यादींत आहेत.

मृत्यु आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस, व कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास शेंकडा साठ रकमेस, वयानुसार ठरलेल्या आंकड्यानें गुणतात. चाळीसाव्या वर्षीं हा आंकडा १८४·१७ आहे. वेतन दहा हजार असल्यास मृत्यूबद्दल ९,२०,८५० रुपये होतात. ही रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर वारसांच्या हातीं देऊन मालक मोकळा होत नाहीं. कामगार राज्य विमा योजनेंत नांव असणारास मात्र भरपाई त्या योजनेंतून मिळते.

मद्याच्या अमलांत किंवा सुरक्षिततेचा नियम बुद्ध्या मोडून झालेल्या दुखापतीची भरपाई नाकारतां येते. पण मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास ही सबब चालत नाहीं. ठेकेदाराच्या मजुरास मूळ मालकाकडेहि भरपाई मागतां येते. हक्क सोडून दिल्याचा करार अंगठा उठविला तरी निरर्थकच होय.

अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर लेखी द्यावी व दोन वर्षांच्या आंत सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मालकास अपघात अन्य मार्गानें कळला असेल, तर केवळ सूचनेच्या अभावीं अर्ज बाद होत नाहीं.

खरी अडचण पुराव्याची असते. जंगलांतील कामावर पुष्कळदां हजेरीचा कागद मजुराजवळ नसतो. म्हणून कामास लागतांच ठेकेदाराचें व मूळ मालकाचें नांव, मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि दोघां सोबत्यांचीं नांवें एका वहींत लिहून ठेवावीं. वयाचा दाखलाहि तींतच असावा. ती वही कोठें आहे, हें घरांतील माणसांस ठाऊक असावें.