एकाच आकड्याचे दोन डॉक्टर

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन पुरुषांची छायाचित्रं शेजारीशेजारी छापून आली. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही बेताच्या अंगाचे. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. तक्त्याप्रमाणे दोघंही उत्तम!

आता दोघांच्या अंगातली चरबी बघा. युडकिन यांची ९.१ टक्के. आणि याज्ञिकांची? २१.२ टक्के! आकडा तोच, चरबी दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे, लेखातल्याच मिश्कील कबुलीनुसार, रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती धावत गाठणं.

पण नुसत्या धावण्यानं एवढा फरक पडतो? आधी हा बीएमआय काय आहे ते पाहू. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, झालं. याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या आदोल्फ केतले या बेल्जियमच्या खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाकडे जातं. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं, लठ्ठपणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. पोतं न उघडता तोललं, तर आत गहू किती नि कोंडा किती, हे कसं कळणार? काटा हाड, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकत्रच तोलतो.

शिवाय चरबी नुसती पडून राहत नाही. ती मेंदूला निरोप धाडते! १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं चरबीच्या पेशींतून स्रवणारं लेप्टिन शोधलं. ‘साठा पुरेसा आहे, भूक आवर’ असा त्याचा सांगावा. चरबी कुठे बसली आहे, यालाही फार महत्त्व. कातडीखालची त्यामानानं गरीब. पोटात आतड्यांभोवती साचलेली मात्र उपद्व्यापी. तिथलं रक्त थेट यकृतात जातं, म्हणून तिच्यातून सुटलेली मेदाम्लंही आधी यकृतावरच येऊन आदळतात. यकृत मग इन्सुलिनला जुमानेनासं होतं. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर शोषून घेतात ते स्नायू, आणि नेमके तेच कमी असतील तर साखर जाणार कुठे? हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं, अशी माणसं आपल्या आसपास किती दिसतात!

हे सगळं सुरू कधी होतं? खरा धक्का इथेच आहे. १९९३ पासून याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं सगळीकडूनच लहान असणार, असं वाटेल. छे! स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकी! जेमतेम बेचाळीस किलोच्या, शेतात राबणाऱ्या आयांची ही बाळं. गर्भातल्या टंचाईत शरीरानं स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखली. वजनानं हडकी, आतून गुबगुबीत.

आईच्या ताटाचाही यात हात आहे. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करेनासं झाल्याच्या खुणा अधिक दिसल्या. सहाव्या वर्षी! मधुमेह उतारवयात जडतो असं आपण धरून चालतो, आणि त्याची पायाभरणी पाळण्याच्याही आधी झालेली असते.

म्हणूनच जगभर वजन जास्त ठरतं २५ बीएमआयपासून, आपल्याकडे २३ पासून; २५ ला तर भारतीय माणूस थेट लठ्ठच. गंमत बघा, याज्ञिकांचा २२.३ हा आकडा या कडक चाळणीतूनही अलगद निसटतो. त्यामुळे काट्याच्या जोडीला शिंप्याची टेपही हवी. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप गुंडाळताना पोट आत ओढायचं नाही, एवढी एकच अट.