माळ्यावरची कॅसेट

महाड-पोलादपुरात जुने व्हिडिओ गेम शोधायचे तर शिमगा आणि गणपती हे दोनच हंगाम. एरवी वाड्यांमधल्या पुष्कळ घरांना कुलपं असतात. सणाला मुंबईची माणसं येतात, घर झाडतात, माळा उतरवतात आणि परत जायच्या आदल्या दिवशी पडवीत नको असलेल्या सामानाचा ढीग लागतो. फुटका टेबलफॅन, व्हीसीआरच्या कॅसेटी, गंजलेला स्टोव्ह, आणि त्यातच कुठे तरी पिवळट पडलेला प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट त्याच्याच वायरींनी करकचून बांधलेले. भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या आत तिथे पोचणं हे या छंदातलं पहिलं काम.

हे डबे इथवर आले ते चाकरमान्यांच्या हातून. दोन्ही तालुक्यांतली माणसं पिढ्यानपिढ्या पोटासाठी मुंबईला जात आली आहेत. नव्वदच्या दशकात मे महिन्यात गावी येणारा काका मनीष मार्केटमधून पुतण्यांसाठी एक सेट उचलायचा. खोक्यावर नाव कधी मीडिया, कधी लिटल मास्टर, कधी टर्मिनेटर. आतलं यंत्र मात्र बहुतेक एकाच घराण्यातलं, निन्टेन्डोनं जुलै १९८३मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या कॅसेटला ६० पिना. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२, म्हणून ती या डब्यात बसतच नाही. घरात दोन्ही जातीच्या कॅसेटी निघाल्या की समजावं, या घरातलं कुणीतरी मुंबईच्याही पलीकडे जाऊन आलेलं आहे.

सावित्री नदीच्या खाडीकाठच्या गावांतून आखातात गेलेल्या कुटुंबांकडे तर वेगळाच माल मिळतो. तिथे सेगाचा मेगा ड्राइव्ह निघू शकतो, खराखुरा, कंपनीच्या अडॅप्टरसकट. अडॅप्टरची चौकशी मी यंत्राच्या आधी करतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला पिनेच्या आतल्या बाजूला ऋण आणि बाहेर धन लागतं, दुसऱ्या मॉडेलला बरोबर उलट. मूळ अडॅप्टर हरवला आणि कुणी हाताला येईल तो लावून पाहिला की तीस वर्षं जपलेलं यंत्र एका क्षणात जाऊ शकतं. म्हणून “चालतो का बघू या” असं म्हणत कुणी बटणाकडे हात नेला की मी आधी हात जोडतो. आधी उघडायचं, बघायचं, मग वीज.

जगाच्या बाजारात या वस्तूंची किंमत कशी ठरते, तेही पाहू. ११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पुढच्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेल्याची बातमी आली. तिथे खोक्याचे कोपरे, वरच्या पारदर्शक वेष्टनाचा ताण, सीलची शिवण यांना गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. गुण मिळाले की वस्तू जाड पारदर्शक पेटीत बंद होते आणि तो खेळ पुन्हा कुणी खेळत नाही.

या दोन बातम्यांच्या मधल्या २२ जुलैला महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत चिखलाचे आणि सामानाचे ढीग लागले होते. फ्रीज, गाद्या, धान्याची पोती, वह्या, डबा टीव्ही. त्या दिवसांत जुन्या गेमचं नाव कुणी काढलं नाही, काढायचंही नव्हतं. ज्याच्या घरातून गाळ उपसला जातोय त्याच्याकडे आपल्या छंदाच्या वस्तूची चौकशी करायची नसते. पुष्कळ पुढे, माणसं सावरल्यावर, हळूहळू उमगत गेलं की शहरातल्या तळमजल्यावरचं जवळजवळ सगळं गेलं. जे उरलं ते वरच्या मजल्यावरचं, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधलं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना असतो: पुराच्या वेळी ही कुठे होती?

अमेरिकेतली ती मोजपट्टी इथे लावली तर आमच्याकडचं सगळं शून्य ठरतं. सीलबंद काही नाही. खोकी बहुतेक पहिल्याच पावसाळ्यात बुरसली. यंत्र नकली, कॅसेट नकली, लेबलावरचं चित्र भलत्याच गेमचं. तरीही मला ते शून्य मान्य नाही. या भागातल्या एका अख्ख्या पिढीनं मारिओ आणि कॉन्ट्रा याच डब्यांवर पाहिले. इथला भाव इथल्या हवेवर आणि इथल्या वापरावर ठरला पाहिजे, आणि त्यासाठी वस्तू आतून बघावी लागते.

आतून म्हणजे कशी, ते एका घरातल्या दोन कॅसेटींवरून सांगतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याजवळची वाडी, शिमग्याचे दिवस. काकूंनी ओटीवरच्या शोकेसमधून एक कॅसेट काढून दिली. पिवळी, स्वच्छ, ‘९९९९९९९ इन १’चं लेबल कोरं करकरीत. दुसरी स्वयंपाकघरावरच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. मूळचा रंग निळा असावा. आता धुरानं काळपट तपकिरी, लेबल निम्मं उंदरांनी खाल्लेलं.

“ती काळी कशाला घेतोस रे? ही घे की, चांगली आहे.”

“थांबा काकू, दोन्ही उघडू.”

निन्टेन्डोच्या खऱ्या अमेरिकी कॅसेटला बहुधा खास खाचेचा स्क्रू असतो, त्याला वेगळा पाना लागतो. या नकली कॅसेटी नुसत्या खटक्यांवर मिटलेल्या असतात. पातळ पट्टी शिवणीत सरकवून हलकेच पीळ दिला की दोन फाका होतात. आत पाहिल्यावर नवख्या माणसाची निराशा होते, कारण खोक्याच्या मानानं आतली पाटी अगदीच चिमुकली असते. खालच्या कडेला पितळी रंगाचे दात, मध्ये काळ्या लाखेसारख्या रसायनाचा एक गोल ठिपका. चिप त्या ठिपक्याखाली. हा ठिपका म्हणजे काटकसर. चिपला स्वतंत्र कवच देण्याऐवजी ती थेट पाटीवर चिकटवायची आणि वरून रसायन ओतायचं. त्यामुळे ओल चिपपर्यंत सहजी पोचत नाही, पण चिप गेली तर दुरुस्तीही नाही.

शोकेसमधल्या कॅसेटच्या दातांवर हिरवा कळंक चढला होता. दोन दात तर मुळापासून खाल्लेले, खाली नुसता हिरवट थर. काळ्या कॅसेटचे दात मात्र झळझळीत. कारण सरळ आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओटीवरच्या काचेच्या कपाटात चार महिने दमट हवा कोंडून राहते. चुलीवरच्या माळ्याला रोज दोन वेळची धग मिळते, तिथली पेटी कोरडी राहते. धुरानं प्लास्टिक काळवंडतं, तांबं वाचतं. शिवाय शोकेसमधली कॅसेट लाडकी होती, म्हणजे तिच्यावर रोज फुंकरा मारल्या गेल्या. लागली नाही की काढायची, दातांवर फुंकायचं, परत घालायची, हे आपण सगळ्यांनी केलं आहे. खरं तर काम व्हायचं ते काढून घातल्यामुळे, दात जरा वेगळ्या जागी टेकल्यामुळे. श्वासातली वाफ तेवढी तांब्यावर बसायची.

काकूंना मी काळ्या कॅसेटचे पैसे दिले आणि पिवळी परत शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला. “पैसे कसले देतोस, खेळणं तर आहे,” हे वाक्य या व्यवहारात हमखास ऐकू येतं आणि इथेच घेणाऱ्याची परीक्षा असते. फुकट मिळणारी वस्तू फुकट घेऊन पुढे विकणारे आहेत. माझ्या मते विकणाऱ्याला वस्तू काय आहे आणि बाहेर तिचे साधारण काय येतात, हे सांगूनच सौदा करावा. महागात पडतं, पण पुढच्या गणपतीत त्याच घरातून निरोप येतो, “आमच्या चुलत्यांकडे पण एक आहे, बघून जा.”

घरी आणल्यावर सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीचा कापूस, एकाच दिशेनं, दात चमकेपर्यंत. खोडरबरानं घासणारे भेटतात. फार कळंक असेल तर पांढऱ्या मऊ रबराचा एखादा हात चालतो, पण शाईच्या खरखरीत रबरानं दातांवरचा मुलामा निघून जातो. नकली कॅसेटींवर तो आधीच नावापुरता असतो.

मग चाचणी. त्यासाठी एक डबा टीव्ही हवाच, आणि पुरानंतर महाडात चालता डबा टीव्ही मिळवणं गेमपेक्षा अवघड झालं. माझा पोलादपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आला. शहरातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या मामांनी त्याचे कंडेन्सर बदलून दिले. “एवढ्यात नवा एलईडी आला असता,” असं म्हणत, पण मन लावून. नवा टीव्ही का चालत नाही, हे त्यांना बंदुकीनं पटलं.

बदकं मारायच्या खेळातली ती प्लास्टिकची बंदूक काहीच फेकत नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक त्याच क्षणी उजेड टिपतो की नाही, एवढ्यावर निशाणा लागला की हुकला ते ठरतं. डबा टीव्हीवर तो उजेड लगेच उमटतो. नव्या सपाट टीव्हीत चित्र आधी प्रक्रियेतून जातं, उजेड उशिरा येतो आणि अचूक नेमही वाया जातो. बंदूक धडधाकट असून लोकांनी ती बिघडली म्हणून टाकून दिली, त्याचं एक कारण हे. मामांनी आधी दुकानातल्या एलईडीवर नेम धरला, मग डब्यावर. पहिलं बदक पडल्यावर दुकानात काम करणारा मुलगा उठून उभा राहिला.

कॉन्ट्राची कॅसेट असेल तर मी पहिल्याच जंगलात माडांकडे पाहतो. झावळ्या हलत असतील तर ती १९८८च्या जपानी आवृत्तीची प्रत, स्थिर असतील तर अमेरिकी. आपल्याकडे स्थिर झावळ्याच बहुतेक दिसतात, त्यामुळे हलणाऱ्या दिसल्या की ती कॅसेट वेगळी ठेवतो. आणि ‘इतके लाख इन १’ असं लिहिलेलं असेल तर यादी खालपर्यंत तपासतो. खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, बाकी तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू केलेले. त्या मूठभर खेळांत एखादा विरळा निघाला तर भाव वर जातो.

या नकली यंत्रांचं महत्त्व मला पुरतं जाणवलं ते वेगामुळे. जपान-अमेरिकेतला जुना टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा ५० वेळा. मूळ खेळ ६०च्या हिशेबानं बांधलेले होते. आपल्याकडे आलेली यंत्रं ५०वर चालायची, म्हणून आपला मारिओ त्यांच्या मारिओपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शानं सावकाश धावायचा, गाणंही तेवढंच रेंगाळायचं. आज मोबाइलवर तोच खेळ लावला की चाळिशीतला माणूस म्हणतो, “हा फार पळतोय.” त्याची आठवण चुकलेली नाही. त्यानं जो मारिओ खेळला तो या डब्यांखेरीज क्वचितच कुठे सापडेल. म्हणून चालू स्थितीतला पाल सेट, त्याचे मूळ रिमोट आणि कोरड्या दातांच्या कॅसेटी या माझ्या वहीत सगळ्यात वर असतात, मग बाहेरून ते कितीही काळे असोत. साधी चालू कॅसेट मी शंभर-दोनशेला घेतो, चालू बंदुकीला त्याच्या कितीतरी पट देतो. अदलाबदल असेल तर एका चालू बंदुकीसाठी चार कॅसेटी सोडायची माझी तयारी असते.

यापुढे लक्ष ठेवायचं ते प्लेस्टेशन २कडे. जगभर १५ कोटींच्या वर विकलं गेलेलं ते यंत्र दुर्मीळ नाही, पण त्याच्यासाठी भारतात बनलेले खेळ आहेत. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९चा, त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’, ज्यात कबड्डी आणि पतंग आहेत. ‘हनुमान’वर तेव्हा समीक्षकांनी टीका केली होती. संग्राहकाला खेळ चांगला की वाईट यापेक्षा तो किती उरला हे बघावं लागतं. या डिस्क अजून शोकेसमध्येच आहेत, आणि शोकेसचं पुढे काय होतं ते वर सांगितलंच. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पावसाळ्यापूर्वी डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. डिस्कला ओरखडा पडणार नाही, हेही पाहावं.

सध्या एक सौदा अर्धवट आहे. पोलादपूर तालुक्यातल्या एका दादांकडे पूर्ण सेट आहे. डबा, दोन रिमोट, सहा कॅसेटी. बंदूक मात्र त्यांचा भाऊ नालासोपाऱ्याला घेऊन गेला. दादा म्हणतात, तो गणपतीत घेऊन येईल, मग सगळं एकत्र विकू. वेगवेगळं घेतलं तर मला स्वस्त पडेल, हे त्यांना ठाऊक आहे, मीच सांगितलं. भाव गणपतीत, बंदूक डबा टीव्हीवर लावून पाहिल्यावर ठरेल. तोवर कॅसेटी चुलीवरच्या माळ्यावरच ठेवा, एवढं सांगून आलो आहे.