घरांतील मंडळी आणि तिचा चालक

ख्रिस्ती धर्म म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें उंच मनोऱ्याचें देवालय, घंटेचा नाद, झगा घातलेला धर्मगुरु आणि बांकांवर रांगेनें बसलेला समाज असें चित्र उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. या धर्माच्या पहिल्या तीन शतकांत अशीं देवालयें फार थोडीं होतीं. उपासना बहुधा राहत्या घरांतच होई. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस प्रिस्का व अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्यास आणि त्यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळीस सलाम सांगितला आहे. फिलिप्पै शहरीं जांभळीं वस्त्रें विकणाऱ्या लुदियेच्या घरीं बंधुजन एकत्र येत. सीरियांत फरात नदीच्या कांठीं दुरा-युरोपस येथें १९३२ च्या सुमारास उत्खननांत असें एक घर सांपडलें. तिसऱ्या शतकांत त्याच्या दोन खोल्यांमधील भिंत काढून उपासनेसाठीं एक दालन केलेलें होतें, आणि दुसऱ्या एका लहान खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड होतें.

मराठी ख्रिस्ती लोक आपल्या समाजास 'मंडळी' म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'घरची मंडळी', 'पंक्तीची मंडळी' असें मराठी माणूस म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत दगडविटा नसतात, माणसें असतात. हा मूळ अर्थ विसरला गेला म्हणजे कोणीतरी दहा-बारा माणसें घरीं बोलावून, मध्यें शास्त्र ठेवून, त्याची आठवण करून दिली आहे. अशा लहान मंडळाचा अभ्यास कसा चालतो, चालकानें काय करावें व कोठें थांबावें, हें समजण्यास इतिहासांतील कांहीं प्रसंग उपयोगी पडतात.

जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरीं फिलिप याकोब श्पेनर हा धर्मोपदेशक होता. लोक रविवारीं प्रवचन ऐकतात, घरीं जातात आणि ऐकलेलें तेथेंच राहतें, हें त्याला खुपे. १६७० सालीं त्यानें आपल्या घरीं कांहीं श्रद्धाळू लोकांस जमवून वाचन व चर्चा सुरू केली. १६७५ सालीं त्यानें लिहिलेल्या पुस्तकांत या पद्धतीचें समर्थन आहे. शास्त्र हें केवळ ऐकण्यासाठीं नसून परस्परांशीं बोलण्यासाठींहि आहे, असा त्याचा आशय. याच परंपरेंतून हाले येथील विद्यापीठ पुढें आलें आणि तेथें शिकलेले त्सीगेनबाल्ग व प्लूट्शाउ हे १७०६ सालीं तरंगमबाडीस उतरले. पण या मंडळांची दुसरीहि बाजू आहे. फ्रांकफुर्ट येथील कांहीं सभासदांस आपणच खरे श्रद्धावान असें वाटूं लागलें व ते सार्वजनिक उपासनेपासून दूर झाले. लहान मंडळ हें मोठ्या मंडळीचें काळीज व्हावें, ही श्पेनरची इच्छा. काळजानें देहापासून वेगळें होण्याचें ठरविलें तर दोघांचेंहि मरण ओढवतें, हें त्याला डोळ्यांनीं पाहावें लागलें.

इंग्लंडमधील एपवर्थ या गांवचा प्रसंग याहून घरगुती आहे. १७११-१२ च्या हिवाळ्यांत तेथील धर्मगुरु सॅम्युएल वेस्ली लंडनला होता. त्याची पत्नी सुझॅना रविवारीं सायंकाळीं आपल्या मुलांना व नोकरांना प्रार्थना आणि प्रवचन वाचून दाखवी. शेजारी येऊं लागले आणि पाहतां पाहतां संख्या दोनशेंवर गेली. पतीच्या जागीं काम पाहणाऱ्या उपगुरूस हें रुचलें नाहीं. त्यानें तक्रारीचें पत्र धाडलें. पतीनें हें बंद करावें असें सुचविलें. सुझॅनेनें उत्तर दिलें कीं केवळ इच्छा कळवूं नये, स्पष्ट आज्ञा करावी, म्हणजे ईश्वरासमोर जाब देण्याची वेळ आल्यास दोष तिच्यावर राहणार नाहीं. शास्त्र वाचून दाखविण्याचा अधिकार पदानें येतो कीं समोरच्या माणसांच्या गरजेनें, हा प्रश्न तिनें वाद न घालतां उभा केला. त्या वेळीं तिचा मुलगा जॉन आठ वर्षांचा होता.

पुढें हाच जॉन वेस्ली मेथॉडिस्ट चळवळीचा पुढारी झाला. १७४२ सालीं ब्रिस्टल येथें सभागृहाचें कर्ज फेडण्याचा विचार चालला असतां फॉय नांवाच्या एका कप्तानानें सुचविलें कीं प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. कित्येकांना तेवढेंहि परवडत नाहीं, असें कोणी म्हणतांच तो म्हणाला कीं त्यांतले अकरा गरीब त्याच्याकडे द्यावेत. जे देऊं शकणार नाहींत त्यांची भर तो स्वतः घालील. पैसे गोळा करण्यास दारोदार गेलेल्या माणसांना घरांची खरी स्थिति दिसूं लागली. कोणी आजारी, कोणी कर्जांत, कोणी दारूच्या आहारीं. मग या बारा-बारांच्या वर्गांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र बसावें असें ठरलें. आरंभ हिशेबाच्या वहीनें झाला. शेवट एकमेकांची काळजी वाहण्यांत झाला. संख्या बाराच्या आसपास असावी, हा अनुभव आजहि खरा ठरतो. त्याहून अधिक झाल्यास निम्मी माणसें केवळ श्रोते होतात.

आतां प्रत्यक्ष बैठकीकडे वळूं. चालकाची पहिली कसोटी त्याच्या प्रश्नांत असते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याचा दृष्टांत घ्यावा. मळ्याचा धनी पहांटे मजूर लावतो, पुन्हां दुपारीं लावतो आणि दिवस मावळण्यास एक तास उरला असतांहि बाजारांत उभ्या असलेल्यांना बोलावतो. संध्याकाळीं सर्वांना सारखीच मजुरी देतो. चालकानें येथें लगेच 'ही ईश्वराची कृपा' असें सांगून टाकलें तर अभ्यास तेथेंच संपला. त्याऐवजीं त्यानें प्रथम विचारावें : येथें काय घडलें? कोण कोणाशीं काय बोललें? मग विचारावें : कुरकुर करणाऱ्यांचें म्हणणें न्यायाचें नव्हे काय? ठराविक पगारावर काम करणारा गृहस्थ बहुधा 'आहे' म्हणेल. पण ज्यानें नाक्यावर सकाळपासून उभें राहून कामाची वाट पाहिली आहे तो सांगेल कीं सायंकाळपर्यंत न लागलेल्या मजुरालाहि घरीं तितकींच तोंडें पोसावयाचीं असतात. या दोन उत्तरांमध्यें जें अंतर आहे तेंच जगाकडे पाहण्याच्या दृष्टीचें अंतर होय. मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून ठरते कीं त्याच्या असण्यावरून? हा प्रश्न पुस्तकी व्याख्यानानें उलगडत नाहीं. तो असा समोरासमोर बसूनच उलगडतो. शेवटीं विचारावें : हें खरें असेल तर उद्यां घरीं व कामावर काय बदलेल?

कॅथलिक समाजांत अशा बैठकींसाठीं सात पायऱ्यांची एक पद्धति रूढ आहे. दक्षिण आफ्रिकेंतील लुम्को या संस्थेनें ती प्रचारांत आणली. प्रार्थनेनें प्रभूस पाचारण, वाचन, मनांत भरलेल्या शब्दांचा पुनरुच्चार, मौन, अनुभवकथन, करावयाच्या कार्याचा विचार आणि पुन्हां प्रार्थना असा तिचा क्रम आहे. तिच्यांतील मौनाची पायरी चालकास सर्वांत अवघड जाते. शांतता पसरली कीं आपण कांहींतरी बोललेंच पाहिजे असें त्याला वाटतें. परंतु ज्याला शब्द सुचण्यास वेळ लागतो, त्याची पाळी त्या शांततेंतच येत असते.

साधेपणा हाहि या मंडळांचा प्राण होय. पाळीपाळीनें प्रत्येकाच्या घरीं बसण्याची रीति चांगली, पण तिच्यांत एक खोंच आहे. एके घरीं चहा मिळाला, दुसऱ्या घरीं चहाबरोबर पोहे आणि तिसऱ्या घरीं शिरा, कीं चौथ्या घरची गृहिणी 'यंदा आमच्याकडे नको' म्हणते. करिंथ येथील मंडळींतहि सधन लोक आधीं जेवून घेत व गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलानें पत्रांतून त्यांची कडक कानउघाडणी केली आहे. म्हणून काय द्यावयाचें हें एकदां ठरवावें आणि तें सर्वांत गरीब घरास झेपेल एवढेंच ठरवावें. तसेंच बैठकींत कोणी घरची अडचण सांगितली तर ती उंबरठ्याबाहेर जाऊं नये. हा नियम एकदां मोडला कीं माणसें येत राहतात, पण बोलत नाहींत.

महाराष्ट्रांत या विषयाचें स्मरण नारायण वामन टिळकांवांचून पुरें होत नाहीं. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढें अमेरिकन मराठी मिशनमध्यें अनेक वर्षें काम केलें. परंतु पाश्चात्त्य घडणीच्या मंडळींत या देशाचें मन रमत नाहीं, अशी त्यांची खात्री होत गेली. १९१७ सालीं मिशनचें काम सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथें बंधुभावानें एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. ती धाडसाची होती, कारण आंत कोण व बाहेर कोण ही रेघच तिनें पुसली. मात्र १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाहीं. कल्पना मोठी होती, पण तिचा भार एकाच खांद्यावर होता.

लहान मंडळाच्या चालकास यांतून घेण्याजोगा धडा सरळ आहे. त्यानें आरंभापासूनच दुसऱ्याच्या हातीं पुस्तक द्यावें. या आठवड्यास एकानें प्रश्न विचारावेत, पुढच्या आठवड्यास दुसऱ्यानें. मंडळ वाढलें तर तें मोडूं न देतां त्याचीं दोन मंडळें करावींत. आणि वर्षांतून एकदां तरी आपण मुद्दाम गैरहजर राहून, त्या सायंकाळीं बैठक झाली कीं नाहीं, याची चौकशी करावी. झाली असेल तर त्याचें काम साधलें.