रियाजाला जागा हवी

'आर्टिस्ट रेसिडेन्सी' हा शब्द आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कलादालनांतून आला. माळशिरसच्या बाजारात कुणाला विचारलं, तर ते एखाद्या लॉजचं नाव असेल असंच तो सांगेल. अगदीच चुकीचं नाही ते. राहण्याची सोय हा या कल्पनेचा पहिला भाग आहेच. चित्रकार, गायक, नर्तकी किंवा नट यांना काही आठवडे किंवा काही महिने राहायला खोली, कामाला जागा आणि पोटापुरतं मानधन द्यायचं आणि 'आता तुमचं काम करा' एवढंच सांगायचं, याला रेसिडेन्सी म्हणतात. त्या काळात त्याच्याकडून रोजचा कार्यक्रम मागायचा नाही, ही त्यातली खरी अट.

शब्द नवा असला तरी कलावंतांनी एका आवारात राहून कला सांभाळायची, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. आमच्या शेजारच्या माढा तालुक्यात मोडनिंब आहे. तिथली कला केंद्रं लावणीच्या रसिकांना सांगायला नकोत. संगीत बारीच्या पार्ट्या अशा थिएटरात मुक्कामाला असतात. एकेका पार्टीत नाचणाऱ्या, गाणाऱ्या, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. आवारातल्या खोल्यांतून त्यांचे संसार चालतात. रंगमंचावर प्रत्येक पार्टीला ठरावीक वेळ मिळतो, म्हणजे तिची 'बारी' येते. नंतर रसिकांच्या मागणीप्रमाणे खासगी बैठक होते. मावशीकडून भाचीकडे आणि आईकडून लेकीकडे लावणी गेली ती या खोल्यांतूनच.

मग कमी कशाची आहे? निवांतपणाची. थिएटरात प्रत्येक संध्याकाळ कमाईची असते. गिऱ्हाईक सिनेमातलं गाणं मागतं, तेच वाजवावं लागतं. बसून, केवळ चेहऱ्याच्या आणि हाताच्या अदेवर तास-तास रंगवायची बैठकीची लावणी मागणारे थोडे. जी मागितली जात नाही ती म्हटली जात नाही, आणि जी म्हटली जात नाही ती पुढची पिढी शिकत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीच्या मोठ्या जाणकार. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. अशी एक बाई जाते तेव्हा तिच्याबरोबर किती चाली जातात, याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नसतो.

आमच्या तालुक्यानं या बाबतीत काही केलं नाही असं मात्र नाही. अकलूजला १९९०च्या दशकात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. राज्यभरातल्या पार्ट्या इथल्या रंगमंचावर आल्या आणि लावणीला प्रतिष्ठेचं व्यासपीठ मिळालं. पण स्पर्धेत दिसते ती तयार झालेली लावणी. ती तयार कुठे व्हायची, हा प्रश्न स्पर्धेच्या आधीचा आहे. शेतीच्या भाषेत सांगायचं तर बाजार समिती आहे, पण रोपवाटिका नाही.

अशी रोपवाटिका महाराष्ट्रानं एकदा पाहिली आहे. मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. १९५० आणि १९६०च्या दशकांत तिथं हुसेन आणि गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार नाममात्र भाड्याच्या खोल्यांत चित्रं काढत. त्याच वास्तूत रविशंकरांचं संगीत विद्यालय होतं, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी होत, आणि १९६० साली सुरू झालेल्या विजया मेहतांच्या 'रंगायन'लाही तिथंच आसरा मिळाला. चित्रकार तालीम बघायला जाई, नट चित्र बघायला येई. शेजार हाच तिथला मोठा शिक्षक होता. पुढे ती संस्था राहिली नाही, पण तिथून निघालेली माणसं आपल्या कलांच्या इतिहासात ठळकपणे आहेत.

'ती मुंबई, तिथं सगळं जमतं,' असं कुणी म्हणेल. त्यांनी कर्नाटकातल्या हेग्गोडूकडे पाहावं. शिमोगा जिल्ह्यातलं, सागर तालुक्यातलं सुपारीच्या बागांचं हे गाव. तिथं १९४९ साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली. १९८० साली नाट्यप्रशिक्षण सुरू झालं, १९८५ पासून संस्थेचं फिरतं नाटकमंडळ गावोगाव जाऊ लागलं, आणि १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नट तिथं राहून शिकतात, तालमी करतात आणि मग दौऱ्यावर निघतात. हे खेड्यात घडलं.

आता आपल्याकडे हे कसं जमेल ते पाहू. ढोलकी फडाचा तमाशा दसऱ्याला बाहेर पडतो आणि जत्रा संपल्या की पावसाळ्याच्या तोंडावर थांबतो. मधले महिने कलावंताला बिनकमाईचे. ऊसतोड कामगाराची उचल आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. तमाशातल्या माणसाचंही गाडं तशाच उचलीवर चालतं. पावसाळ्यात घेतलेली उचल पुढच्या हंगामात फेडायची. नवा वग बसवायचा, पोरांना ढोलकी शिकवायची, ती याच महिन्यांत. पण तेव्हा तो मजुरीला गेलेला असतो.

आणि नेमके याच महिन्यांत आपल्या तालुक्यातली मंगल कार्यालयं ओस असतात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे माउलींच्या पालखीचे मुक्काम होतात, आषाढी एकादशी होते आणि चातुर्मास लागतो. तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळजवळ बंद. सभागृह आहे, स्वयंपाकघर आहे, खोल्या आहेत, न्हाणीघरं आहेत. एकादशी ते दसरा असे जवळपास तीन महिने हाताशी मिळतात. नवी इमारत बांधायची गरज नाही.

एका वेळी आठ-दहा कलावंत पुरेत. दोन जाणत्या बाया, एक जुना ढोलकीवाला, शिकणाऱ्या चार मुली, एखादा शाहीर. त्यांच्या शेजारी एक-दोन चित्रकार, आणि फ्लेक्स आल्यापासून ज्यांचा ब्रश सुटला ते पाट्या रंगवणारे कारागीर. मानधन उचल म्हणून नको, परतफेडीविना हवं. बायकांबरोबर मुलं येणार, तेव्हा त्यांच्या शाळेची आणि सांभाळण्याची सोय हवी, नाहीतर ज्यांच्यासाठी हे करायचं त्याच येऊ शकणार नाहीत. जाणत्यांकडच्या चाली ध्वनिमुद्रित करायच्या, त्याही त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या नावानं. निवड कलेच्या जाणकारांनी करावी, गावच्या राजकारणानं नव्हे.

'एवढा खर्च करून आम्हाला दिसणार काय?' असा प्रश्न येईल. तीन महिन्यांच्या शेवटी एक दिवस दार उघडावं. सतरंजीवर बसून गावानं एक संपूर्ण बैठकीची लावणी ऐकावी, भिंतीवरची चित्रं बघावीत. बक्षीस नको, पाहुण्यांची भाषणं नकोत. त्या लावणीतली एखादी चाल म्हाताऱ्या गुरूच्या गळ्यातून सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात उतरलेली असेल, तर खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.